अभ्यासिकेऐवजी टप्पा असे वाचावे

ऑक्टोबरच्या मध्यावर नाशिकची दुपार चांगलीच तापते आणि पहाट मात्र पायाशी ठेवलेली चादर वर ओढायला लावते. दिंडोरीच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्याला या दिवसांत एक उग्र, औषधी वास असतो. द्राक्षबागांची गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, सुरू झालेली असते. छाटलेल्या काडीवर जिथून नवी फूट निघायची, त्या गाठीला डोळा म्हणतात. मजूर हातात फडके घेऊन एकेका डोळ्याला फुटीच्या औषधाची पेस्ट लावत ओळीने पुढे सरकतात, आणि तो वास रस्त्यावरच्या बसमध्येही शिरतो. या शहरातील एका महाविद्यालयात मी पस्तीस वर्षे गणित शिकवले. पहिल्या सत्राची परीक्षा आणि छाटणी यांची गाठ पडली नाही, असे त्यांतले एकही वर्ष मला आठवत नाही. त्यामुळे माझ्या मनात परीक्षेला वास आहे, आणि तो कागदाचा किंवा शाईचा नाही.

निवृत्तीनंतरचा हा माझा दुसरा ऑक्टोबर. आता परीक्षा नाही, पर्यवेक्षणाच्या पाळ्या नाहीत. वास मात्र वेळेवर आला. त्याच दिवशी फोनवर दोन गोष्टी आल्या. दिंडोरी रस्त्यावर एक शिक्षणसंस्था नवे संकुल बांधते आहे. तिने इमारतीचा आराखडा पाठवून माझे मत मागितले होते. आराखड्यात दुसऱ्या मजल्यावरील मोठ्या दालनावर सुबक अक्षरांत लिहिले होते : डिजिटल अभ्यासिका. दुसरा निरोप हेमा भोये हिचा. हेमा माझी विद्यार्थिनी. पेठ तालुक्यातील एका आश्रमशाळेत ती आता तासिका तत्त्वावर गणित शिकवते. तिने लिहिले होते, "मॅडम, तपासणी झाली. शेरा मिळाला की वर्गात आवाज फार असतो. लेखी खुलासा मागितलाय. पुढच्या सत्रात तास मिळणार की नाही ते त्याच्यावर आहे. काय लिहू?"

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, असे मला वाटले. पण ते उत्तर मला कसे सापडले, हे सांगायचे तर काही वर्षांपूर्वीच्या एका ऑक्टोबरकडे जावे लागते, आणि त्या ऑक्टोबरमध्ये मी केलेली चूक आधी मान्य करावी लागते. चूक एका शब्दाची होती.

त्या वर्षी आमच्या महाविद्यालयाला जुन्या ग्रंथालयाच्या वरचा मजला नव्याने उभारायचा होता. त्यासाठी पाच जणांची इमारत समिती नेमली गेली. तीत मी होते आणि संगणक विभागाचे देवरे सरही होते. देवरे सर मूळचे सटाण्याकडचे. बोलताना हातवारे फार करतात आणि कल्पना नेमकी मांडतात. वर्ग बंद असण्याच्या काळात आम्ही सर्वांनी आपापली व्याख्याने चित्रित करून ठेवली होती. आता प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात व्याख्यान होते. मग महाविद्यालयात यायचे कशासाठी, असा प्रश्न बैठकीत निघाला.

देवरे सर म्हणाले, "एकमेकांसाठी यायचं, सर. व्याख्यान घरी बघतील. इथं एक स्क्रीन नि चार डोकी पाहिजेत. बोलतील, भांडतील, एकमेकाला शिकवतील. बाहेर याला लर्निंग कॉमन्स म्हणतात."

मी म्हटले, "त्याला मराठी शब्द असेल ना? प्रस्ताव मराठीत जाणार आहे."

प्राचार्य हसून म्हणाले, "मग मॅडम, तुम्हीच सुचवा. शुद्धलेखनाचं खातं तुमच्याकडेच आहे."

प्रस्तावात रकाना होता : जागेचे नाव व प्रयोजन. मी क्षणभर विचार केला आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहिले : 'डिजिटल अभ्यासिका'. प्रयोजन : 'अभ्यास'. शब्द लहान, संस्कृताला धरून, व्याकरणाने निर्दोष. देवरे सर जरा घुटमळले. "अभ्यासिका..." ते म्हणाले, "चालंल. शेवटी अभ्यासच करायचाय." सर्वांनी सह्या केल्या.

शब्दाचा अर्थ कोशात असतो आणि शहरातही असतो. मी कोश पाहिला होता. शहर पाहिले नव्हते. गंगापूर रोडने किंवा कॉलेज रोडने चालत गेले तर दर दोन इमारतींमागे एक फलक दिसतो : 'वातानुकूलित अभ्यासिका, स्वतंत्र कप्पा, मुलींसाठी वेगळी व्यवस्था'. स्पर्धा परीक्षेचे उमेदवार तिथे सकाळी जाऊन बसतात. डाव्या हाताला पार्टिशन, उजव्या हाताला पार्टिशन, समोर भिंत, भिंतीवर स्वतःच चिकटवलेले वेळापत्रक. नाशिकमध्ये अभ्यासिका म्हणजे हे. ज्या ठेकेदाराकडे आमचे काम गेले, त्याने अशा कितीतरी अभ्यासिका उभ्या केल्या होत्या.

ऑक्टोबर लागताना दालन तयार झाले. आत चौसष्ट कप्पे होते. सनमायका लावलेल्या पार्टिशनच्या रांगा, प्रत्येक कप्प्यात एक छोटा दिवा, एक प्लग, कानाला लावायचे एक यंत्र, आणि दारासमोर लाल अक्षरांत 'शांतता राखा'. देवरे सर दारातच थांबले. त्यांचे हात त्या दिवशी हलले नाहीत.

"हे असं नव्हतं ठरलं," मी ठेकेदाराला म्हटले.

तो बिचारा खरोखर गोंधळला. "मॅडम, तुम्ही अभ्यासिका म्हणालात, मी अभ्यासिका दिली. कुठं कमी आहे का सांगा. टाचणी पडली तरी ऐकू येईल."

कमी कुठेच नव्हती. मी काही बोलले नाही. हा मौनाचा भाग मला इथे नीट नोंदवायचा आहे. आपण निवडलेला शब्द चुकला, हे मला त्या क्षणी कळले होते. पण दालन सुंदर दिसत होते, सह्या झाल्या होत्या, आणि इतकी वर्षे इतरांच्या चुका लाल शाईने दाखवणाऱ्याला स्वतःच्या चुकीखाली रेघ ओढणे जड जाते.

त्याच आठवड्यात हेमा माझ्याकडे आली. ती तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. पेठची सकाळची बस धरून यायची, चारच्या बसने परत जायची. पहिल्या वर्षाचा कॅल्क्युलसचा पेपर तिचा दोनदा राहिला होता. खुर्चीच्या कडेवर बसून तिने सरळ सांगितले, "मॅडम, हा पेपर या वेळी सुटायलाच पाहिजे. बाबा म्हणले, सुटला तर पुढं शीक. नाय सुटला तर जानेवारीत आमच्यासंगं खुड्याला चल."

खुडा म्हणजे पिकलेल्या द्राक्षांची तोडणी. डोंगरातले भात आणि नागली घरात आली की तिच्या गावची बरीच घरे दिंडोरीच्या बागांवर कामाला उतरतात. तिचे आईवडील दर वर्षी जात. खुड्याला जाण्यात तिला कमीपणा वाटत नव्हता. सुट्टीत तीही जातच असे. पण या वेळी गेली असती तर परत यायची नव्हती.

"व्याख्याने पाहिलीस का?" मी विचारले.

"तीनदा पाहिली. घरी रेंज नाय, म्हणून इथूनच उतरवून नेते. बघताना समजतं, मॅडम. बंद केलं की जातं."

मी तिला चौथ्यांदा पाहायला सांगितले. "नव्या अभ्यासिकेत बस," असेही म्हटले. उपदेश म्हणून तो निर्दोष होता. माझे बरेचसे उपदेश तसे असत.

ती अभ्यासिकेत बसली. दोन दिवसांनी मी तिथून जात होते, तर आतून पगारेमामांचा आवाज आला. मामा आमचे जुने शिपाई. दालनाची शिस्त त्यांच्याकडे दिली होती. हेमा कप्प्यात उभी राहून पार्टिशनवरून पलीकडच्या नेहाला काही विचारत होती. नेहा देवळाली कॅम्पची, लष्करातल्या हवालदाराची मुलगी. तिचे मराठी अर्ध्या वाटेवर हिंदीला जाऊन मिळते. तिसरा ओंकार, दिंडोरीच्या एका बागाईतदाराचा मुलगा. त्याचाही तोच पेपर राहिलेला.

"ए ताई, खाली बस," मामा म्हणत होते. "ही अभ्यासिका हाय, बसस्टँड नाय."

"मामा, एकच शंका हाय."

"शंका घरी."

ओंकार कप्प्यातून डोके काढून म्हणाला, "मामा, घरी शंका लय हायेत. उत्तरं इथं होती."

"बोर्ड वाच."

"वाचला, मामा. लाल आहे, दूरसे दिखता है," नेहा म्हणाली, आणि तिघेही वह्या उचलून निघून गेले. दालनात पुन्हा शांतता झाली. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. पण तिथे कुणाकडे टाचणीही नव्हती. चौसष्टांपैकी पन्नासेक कप्पे रिकामे होते.

पुढचा आठवडा त्या हंगामातला सर्वांत कोरडा. उन्हाने अंगणातली माती भुरभुरीत झाली होती. दुपारच्या तासांना दिंडोरी, निफाडकडची मुले गैरहजर असायची. छाटणीला घरी माणूस लागतो. जी येत, त्यांच्यापैकी काहींच्या बोटांवर पेस्टचा रंग असे आणि त्याच बोटांनी ती वहीत उदाहरणे सोडवीत. एके दुपारी मी जिना उतरत होते. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामध्ये जिथे जिना वळतो, तिथे आमच्याकडे जरा ऐसपैस मोकळी जागा आहे. तिथली खिडकी मोठी आणि तिचा ओटा कडप्प्याचा, बसता येईल इतका रुंद. जुन्या पाणपोईसाठी काढलेला एक प्लग तिथे अजून चालू होता आणि देवरे सरांच्या वायफायचा पट्टा नेमका तिथवर पोचत होता. त्या काळ्या कडप्प्यावर कुणीतरी खडूने लिमिटची व्याख्या लिहिली होती.

ही व्याख्या पहिल्या वर्षाच्या मुलांना फार छळते. तिच्यात एप्सिलॉन आणि डेल्टा ही दोन ग्रीक अक्षरे येतात, दोन्ही छोट्या संख्यांसाठी. समोरचा आधी एप्सिलॉन सांगतो : उत्तर मला इतके जवळ हवे. मग आपण डेल्टा शोधून द्यायचा : तर तुम्ही इतक्या अंतरात उभे राहा. क्रम महत्त्वाचा. कडप्प्यावर क्रम उलटा लिहिला होता. आधी डेल्टा, मग एप्सिलॉन. पर्समध्ये खडू असतोच. मी बाण काढून क्रम सुधारला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी माझ्या बाणाखाली कुणीतरी एकच शब्द लिहिला होता : 'का?'

इतक्या वर्षांत त्या व्याख्येवर मला अनेक उत्तरे मिळाली होती. पाठ केलेली, अर्धी विसरलेली, काही अगदी अचूक. प्रश्न मिळाला नव्हता. माझे व्याख्यान एकोणपन्नास मिनिटांचे आहे आणि त्याला 'का?' म्हणण्याची सोय नाही. मी खाली उत्तर लिहू लागले, ओटा पुरेना, म्हणून पुसले आणि लिहिले, 'उद्या दोन वाजता.'

पण दोन वाजता मी वरच्या वळणावरच थांबले, कारण खालून हेमाचा आवाज आला. फोन खिडकीला टेकवून ठेवला होता. पडद्यावर मी होते, बोलता बोलता मध्येच थांबवलेली, तोंड उघडे.

"थांब, मॅडमला बोलू नको देऊ. मी सांगते," हेमा म्हणत होती. "छाटणीला मालक आधी काय सांगतो? घड केवढा पाहिजे ते सांगतो. मग आपण ठरवायचं, काडीवर डोळे किती ठेवायचे. आपण आधी डोळे ठेवून मग मालकाला इचारतो का, तुला घड केवढा पाहिजे?"

"नाय. बाप कात्री घेऊन मागं लागंल," ओंकार म्हणाला.

"मग! आधी मालकाची अट. ती एप्सिलॉन. मग आपली कात्री. ती डेल्टा. त्यानं अट बारीक केली की आपण परत मोजायचं. कितीबी बारीक केली तरी आपल्याकडं उत्तर पाहिजे, तर लिमिट."

मग नेहा म्हणाली, "अरे यार. हे मॅडमनी असं का नाही सांगितलं?"

"मॅडमची बाग नसंल," हेमा म्हणाली.

"म्हणजे मालकाचा पोरगा म्हणून मी एप्सिलॉन?" ओंकारने विचारले.

"तूच. एवढासाच, पण छळतो सगळ्यांना."

तिघेही इतक्या मोठ्याने हसले की वरून पगारेमामांनी 'शूऽऽ' केले. मी पावले न वाजवता परत वर गेले. उपमा शंभर टक्के काटेकोर नव्हती. मला तिच्यातल्या दोन त्रुटी तिथेच दिसल्या. पण क्रम अचूक होता, आणि तो ज्या मुलीने सांगितला तिचाच पेपर दोनदा राहिला होता. सांगता सांगताच तिला तो समजत होता. बंद केले की जाणारी गोष्ट बोलले की राहत होती. तिने हे मला खुर्चीच्या कडेवर बसून सांगितले होते. मी तिला कप्प्यात पाठवले होते.

इथे माझ्याकडून दुसरी चूक झाली. चार दिवसांनी मूल्यमापन समिती येणार होती. जिना मोकळा हवा, हा नियम योग्यच होता. आग लागली तर तिथून माणसे उतरतात. प्राचार्यांनी सूचना लिहायला मला सांगितली, आणि मी लिहिली : 'विद्यार्थ्यांनी जिन्यात बसू नये. अभ्यासासाठी अभ्यासिकेचा वापर करावा.' वाक्ये दोन, चूक एकही नाही.

सूचना लावली तेव्हा हेमा तिथेच होती. तिने ती सावकाश वाचली आणि विचारले, "मॅडम, बसू नये म्हणजे उभं राहिलं तर चालंल?"

मला वाटले ती चेष्टा करते आहे. ती करत नव्हती. मी म्हटले, "नाही चालणार."

"बरं," ती म्हणाली. खडूचा तुकडा तिने ओट्याच्या कोपऱ्यात नीट ठेवला आणि निघून गेली.

त्यानंतर सहा दिवस झाले तरी ती आली नाही. समिती येऊन गेली. त्यांनी चौसष्ट कप्प्यांची छायाचित्रे काढली. पेपरला बारा दिवस उरले होते. ओंकारने सांगितले, तिच्याकडे भातकापणी सुरू आहे, आणि तिने निरोप पाठवलाय की एकटीने बसून अभ्यास करायचा तर तो घरीही होतो, बसने कशाला यायचं.

त्या दुपारी मी अभ्यासिकेत गेले आणि सतराव्या कप्प्यात बसले. एक पूर्ण तास बसले. डावीकडे सनमायका, उजवीकडे सनमायका. यंत्र कानाला लावून स्वतःचे व्याख्यान लावले. बाई चांगल्या शिकवत होत्या, स्पष्ट, शिस्तशीर. अठराव्या मिनिटाला माझे लक्ष उडाले.

ते उडून मनमाडला गेले. माझे वडील रेल्वेत होते. आमची शाळा जंक्शनच्या अंगाला. रोज शेवटच्या तासाला पाढे म्हणायचे. सगळा वर्ग उभा, एका सुरात : पावकी, निमकी, मग एकोणतीसपर्यंत. मधे मालगाडी शंटिंग करू लागली की आम्ही तिच्या वरताण आवाज काढायचो. मला सतरा आणि एकोणीसचा पाढा येत नसे. 'एकोणीस सक्का' आला की मी गप्प व्हायचे, आणि माझ्या दोन्ही बाजूंच्या मुली मला न कळत पुढे न्यायच्या. 'एकोणीस साते'ला मी पुन्हा त्यांच्यात असायचे. कुणाला कळत नसे की मी एक पायरी चुकवली. काही महिन्यांनी मी ती चुकवेनाशी झाले. गुरुजींनी मला तो पाढा कधी वेगळा शिकवला नाही. तो मी डाव्या आणि उजव्या बाजूने शिकले. आणि मीच आता मुलांच्या डाव्या-उजव्या बाजूंना पार्टिशन लावले होते.

मी बाहेर येऊन हेमाला फोन केला. रेंजसाठी ती टेकाडावर आली तेव्हा धाप लागलेली होती.

"हेमा, मला एक शब्द हवा आहे," मी म्हटले. "जिन्यात तुम्ही जिथे बसत होता, त्या जागेला तुम्ही काय म्हणता?"

"कशाला, मॅडम? आता नाय बसत आम्ही."

"सांग तर."

"टप्पा. ग्रुपवर टाकतो, 'दोनला टप्प्यावर या'. नेहा गप्पाटप्पा म्हणते. गप्पा आपल्या, टप्पा कॉलेजचा."

जिन्याच्या दोन चढांमधला टप्पा. प्रवासातला टप्पा. गप्पांच्या पाठीला लागून येणारा, एरवी निरर्थक मानलेला टप्पा. मी कोशात शोधत होते. मुलांनी तो पायाखालून उचलला होता.

त्याच दिवशी मी प्राचार्यांना शुद्धिपत्र दिले. पुस्तक छापून झाल्यावर चूक लक्षात आली तर शेवटी एक चिठ्ठी जोडतात, तसेच. 'प्रस्तावातील "अभ्यासिका" या शब्दाऐवजी "टप्पा" असे वाचावे. प्रयोजन "अभ्यास" याऐवजी "एकमेकांना समजावून सांगणे" असे वाचावे. मूळ चूक माझी आहे.' खाली सही.

प्राचार्यांनी ते दोनदा वाचले. "मॅडम, वाचायला मी टप्पा वाचीन. पण पार्टिशन तर पार्टिशनच राहणार ना?"

"स्क्रूने बसवली आहेत. काढता येतात."

"आणि ज्यांना शांतता हवी आहे, त्यांचं काय?"

हा प्रश्न रास्त होता. मी तेरा विद्यार्थ्यांना विचारून आले होते. त्यांना कप्पे हवे होते, एकीने तर हात जोडले. म्हणून दालनाचे दोन भाग केले. दाराकडच्या चार रांगा तशाच ठेवल्या आणि लाल फलकही. मागच्या चार रांगांची पार्टिशन काढली, मध्ये जुनी काचेची दारे आडवी लावली. ओट्याच्या कामातून उरलेल्या कडप्प्याच्या दोन फरश्या भांडारात पडून होत्या. त्या टेबलांवर चढवल्या. देवरे सरांनी मोठा पडदा खिडकीशी सरकवला. त्यांचे हात पुन्हा हलू लागले होते.

पगारेमामा स्क्रू काढत म्हणाले, "बसवताना मीच धरलं होतं, आता काढतोय बी मीच. मॅडम, मग इथं पोरांना गप्प करायचं का नाय, ते एकदा सांगा."

"इथे कुणी फार वेळ गप्प बसलं, तर विचारा त्याला, काय अडलंय," मी म्हटले.

मामांनी ते काम इतके मनावर घेतले की काही मुले त्यांना पाहून उगीच बोलू लागत.

दोन दिवसांत काम आटोपले, मी निरोप पाठवला, आणि हेमा सकाळच्या बसने आली. हातांना भाताच्या पातीचे बारीक ओरखडे होते. तिने कडप्प्यावरून तळहात फिरवला, खडू मागितला, आणि पहिल्यांदा ओंकारला म्हणाली, "ए एप्सिलॉन, सरक." उरलेले दिवस मी रोज दोन वाजता तिथे जात होते. शिकवायला नव्हे. मी एका कोपऱ्यात बसायचे, आणि कुणी 'का?' म्हटले की जागेवरून उत्तर द्यायचे. तेही तिघांचे भांडण संपल्यावर. माझ्या व्याख्यानाला त्यांनी दर दोन मिनिटांनी थांबवले. पडद्यावरची मी तोंड उघडे ठेवून वाट पाहायची.

पेपर झाला. हवा थंड झाली, बागांना पाने आली, मग मण्यांत पाणी उतरले. जानेवारीत निकाल लागला त्या दिवशी हेमा सुट्टीत दिंडोरीकडे खुड्यावर होती, आईवडिलांबरोबर. दुपारी तिचा निरोप आला : "मॅडम, सुटला." मागोमाग दुसरा : "उत्तीर्ण व्हायला लागतात त्याच्यावर दोन मार्क. बाबांना सांगितलं. म्हणले, बरं झालं, आता ते क्रेट उचल, कॉलेज सोमवारी." नेहाचाही पेपर सुटला. ओंकारला तिघांत सर्वांत जास्त गुण पडले, आणि हे तिच्यामुळे झाले असे तो तिच्या देखत कधीच कबूल करत नाही.

आता समोरचा आराखडा. मी त्या संस्थेला लिहिले की दालनाला नाव देण्याआधी तिथे कोणता आवाज व्हावा, हे ठरवा. नाव त्यातून येईल. व्याख्यान आता खिशात मावते, म्हणून इमारतीने खिशात न मावणारी गोष्ट द्यावी, म्हणजे शेजार. शांत बसणाऱ्यांसाठी चार रांगा जरूर ठेवा. जिन्याचा टप्पा नियमाहून दुप्पट रुंद घ्या, म्हणजे कुणी बसले तरी वाट मोकळी राहील. खिडकीला कडप्प्याचा ओटा करा. जवळ प्लग द्या. खडू ठेवा. छापून घेतलेल्या आराखड्यावरील 'अभ्यासिका' या शब्दाखाली मी पेन्सिलीने रेघ ओढली आणि सोबत माझ्या शुद्धिपत्राची प्रत जोडली.

मग हेमाला उत्तर लिहायला घेतले. खिडकीतून छाटणीचा वास येत होता. खुलाशाचा मसुदा मी तिला करून दिला, जसा मला येतो तसा, दोन ओळींचा :

'शेऱ्यातील निरीक्षण बरोबर आहे. मात्र त्यातील "आवाज" या शब्दाऐवजी "अभ्यास" असे वाचावे, ही विनंती.'

तिचे उत्तर लगेच आले. "मॅडम, पाठवते. पण साहेब चिडले तर?"

मी लिहिले, "तर त्यांना मुलांमध्ये बसव, आणि खडू त्यांच्या हातात दे."